माणच्या एका वाकळेची दुरुस्ती

वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांची हाताने शिवलेली गोधडी, माझ्याकडे आली ती प्लास्टिकच्या गोणीत भरून. घेऊन येणारा तिशीतला तरुण, नोकरी पिंपरीत, गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. त्याच्या आजीने शिवलेली ही वाकळ गावच्या बंद घरात लाकडी पेटीत चार वर्षं पडून होती. पेटी उघडली तर मधोमध पंजाएवढं भोक, आणि हात लावला की काळ्या चिंध्यांचा भुगा. "काकू, दोन महिन्यांनी घरात बाळ येतंय. पणजीच्या वाकळेत गुंडाळायचं आहे त्याला. नवीसारखी करून द्या," तो म्हणाला.

मी चौदा वर्षं पुण्यात गोधड्या शिवते आणि लोकांच्या जुन्या गोधड्या दुरुस्त करते. बहुतेक कामं दोन-चार दिवसांची असतात: काठ बदलायचा, चार ठिगळं लावायची, उसवलेले फेरे पुन्हा घालायचे. या कामाला एकसष्ट तास लागले आणि त्यात माझ्या हातून एक मोठी चूकही झाली. म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहून काढते आहे.

पहिला दिवस नुसता बघण्यात गेला. उंदरांचा वावर झालेलं कापड झटकायचं नसतं, म्हणून तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून, मोठ्या टेबलावर पांढरी चादर अंथरून वाकळ अलगद उलगडली. लेंड्या आणि धूळ काढायला घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरला, पण त्याच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधून. नाहीतर विरलेल्या कापडाचे धागेसुद्धा आत ओढले जातात. मग वाकळ जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद करून, ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये उणे अठरा अंशांवर दोन आठवडे ठेवली. कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, आणि तिची अंडी मारायला मला हा उपाय डांबरगोळ्यांपेक्षा फार बरा वाटतो. डांबरगोळ्यांचा वास वाकळेतून वर्षभर जात नाही.

बाहेर काढल्यावर मोजमाप घेतलं. लांबी ६ फूट ८ इंच, रुंदी ४ फूट ७ इंच, वजन साडेतीन किलो. उसवलेल्या काठातून थर मोजले तर पाच भरले, मध्यभागी सात. पाठीला नऊवारी लुगडं, जुनं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. पोटात धोतराचे धडपे, एका ठिकाणी पिठाच्या कापडी पोत्याचा तुकडा, त्यावर निळ्या शाईची पुसट अक्षरं. तोंडाला म्हणजे वरच्या बाजूला चौकोनी, आयताकृती तुकडे: इरकल, चिटाची परकरं, पोलक्यांचे खण, चंद्रकळा म्हणजे काळं लुगडं.

शिवण तर बघत राहावी अशी. आपल्याकडच्या पुष्कळ वाकळा कडेपासून सुरू होतात. बाई वाकळेवर बसते आणि चारही बाजूंनी फेरे घालत मध्याकडे सरकत जाते, म्हणजे थरांमधला झोळ हाताने पुढे पुढे सारला जातो. मी काठापासून मध्यापर्यंत फेरे मोजले, त्रेसष्ट भरले. दोन फेऱ्यांत जेमतेम एक सेंटिमीटर अंतर. हिशेब मांडला तर एकूण अडीचशे मीटरच्या वर धावदोरा झाला, सगळा हाताने घातलेला. एवढं मोजून झाल्यावर "नवीसारखी" हा शब्द माझ्या डोक्यातून गेलाच.

आता दुखणी. ती चार होती आणि चारींची कारणं वेगळी होती. वाकळ "जुनी झाली म्हणून फाटली" असं मानून सगळीकडे सारखीच ठिगळं मारत सुटलं की काम बिघडतं.

सगळ्यात विचित्र दुखणं चंद्रकळेचं. वरच्या तुकड्यांपैकी नऊ तुकडे काळ्या चंद्रकळेचे होते आणि नेमक्या त्याच नऊ जागा कोळपल्यासारख्या झाल्या होत्या. त्यांना लागून असलेला चिटाचा तुकडा धड, इरकलीचं अंग धड, आणि काळं कापड बोटाने दाबलं की जळक्या कागदासारखं तुटायचं. उंदराचं हे काम नव्हे, वापराचंही नव्हे. सुताला स्वस्तात गडद काळा रंग देण्यासाठी गंधकी काळा फार वापरला गेला. त्या रंगातला गंधक दमट हवेत वर्षानुवर्षं हळूहळू आम्ल तयार करतो आणि ते आम्ल सुताचा तंतूच खाऊन टाकतं. खात्री करायला ओल्या केलेल्या निळ्या लिटमसचा कागद एका काळ्या तुकड्यावर दाबून धरला, तो लाल झाला. शेजारच्या चिटावर निळाच राहिला. म्हणजे काळ्या तुकड्यांवर नवीन टाका घालायची सोयच नव्हती. सुई गेली की तिथे भोक पडणार आणि ते वाढत जाणार.

दुसरं, एका आखूड बाजूला काठाशी लाल पदराचे तुकडे होते. इरकलीचा पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो आणि तो अंगाच्या सुती ताण्याला फासे घालून जोडलेला असतो, टोपे-तेनी म्हणतात ती पद्धत. इथे तो पदर उभ्या रेघांत चिरला होता. पांढरा ओला कापूस त्याच्यावर ठेवून वर वाटी पालथी घातली. पाच मिनिटांनी कापूस गुलाबी. इथे बऱ्याच जणी सांगतात की मिठाच्या पाण्यात नाहीतर व्हिनेगरमध्ये बुडव, रंग पक्का होईल. सुटणारा जुना रंग असा पक्का होत नाही. मी हे स्वतः पूर्वी एका दुपट्यावर करून बघितलं आहे आणि त्यातल्या पांढऱ्या धोतरावर आलेली गुलाबी छटा कायमची राहिली. त्यामुळे वाकळ पाण्यात बुडवून धुणं बंद.

तिसरं दुखणं मधलं भोक, उंदराचं. त्याचं कारण मला कळलंच नाही. उंदीर सहसा घडीच्या कडा कुरतडतो. इथे घडी उलगडल्यावर बरोबर मध्यावर सातही थर कुरतडलेले आणि बाकी कुठे दाताचा मागमूस नाही.

चौथं, डाव्या हाताला एक खाकी ठिगळ. मशीनवर मारलेलं, टेरिकॉटचं, जाड. ठिगळ स्वतः अभंग, पण त्याच्या चारही कडांना लागून सुती कापड सरळ रेषेत फाटलेलं. जुन्या सुतावर टणक कापड लावलं की असंच होतं. ताण आला की टणक कापड हलत नाही, मऊ कापड त्याच्या कडेशी मोडत राहतं आणि मशीनच्या बारीक भोकांची रांग पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते. माझ्या कामात हा नियम मी कधी मोडत नाही: ठिगळ नेहमी मूळ कापडाहून थोडं अशक्त हवं. पुढे फाटायची वेळ आली तर ठिगळ फाटावं, वाकळ नाही. दोऱ्याचंही तेच. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून लोक तो मागतात, पण तो तुटत नाही म्हणूनच जुनं सूत कापतो.

ही नोंद घेऊन मी त्या मुलाला बोलावलं आणि सांगितलं, आईंनाही घेऊन या. वाकळ कुणाची आणि तिचं पुढे काय होणार हे घरातल्या बायकांशी बोलल्याशिवाय मी ठरवत नाही.

त्या आल्या. साठी ओलांडलेल्या, माणदेशी बोलणं तसंच टिकवून ठेवलेलं. मी त्यांना आक्का म्हणायला लागले, त्या मला ताई. वाकळ बघताच त्यांनी हात फिरवला तो थेट मधल्या भोकाच्या कडेने. मी म्हटलं, "आक्का, उंदराने बरोबर मधेच कसं काय कुरतडलं, तेच मला कळेना."

"उगंच कुरतडलं व्हय? घास हुता तितं," त्या म्हणाल्या. "आत्याबाई वाकळ मिटवायच्या आदी मधी भाकरीचा तुकडा नि गूळ ठिवायच्या. वाकळंचं पोट भरल्याबिगर कुणाच्या अंगावर घालायची न्हाई म्हनायच्या."

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, मुलाची आजी. वाकळेच्या पोटात घास ठेवण्याची रीत मी ऐकली होती, पण तिचा संबंध उंदराच्या भोकाशी जोडायचं मला सुचलं नव्हतं. मधे सात थर का होते तेही कळलं. घास झाकायला वरून आणि खालून एकेक जादा तुकडा लावलेला होता.

मग मुख्य प्रश्न. मी स्पष्ट सांगितलं की ही वाकळ बाळाला गुंडाळायची नाही. एक तर उंदीर वावरलेलं कापड आहे आणि ते आपल्याला बुडवून, कडक धुता येणार नाही. दुसरं, तान्ह्या बाळाचं कापड दिवसाआड धुवावं लागतं. ही वाकळ एकही पूर्ण धुणं सोसणार नाही. मुलाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मग दुरुस्त कशाला करायची?"

त्याचं म्हणणं रास्त होतं आणि मी त्याला दोन्ही बाजू सांगितल्या. वापरायची असेल तर नऊ काळे तुकडे, लाल पदर आणि जवळपास निम्मे फेरे काढून नवीन घालावे लागतील. उरेल ती वाकळ धुता येईल, पण तिच्यात आजीचे निम्मेच टाके असतील. जपायची असेल तर आहे ते सगळं जागच्या जागी थांबवता येईल, सणासुदीला पलंगावर अंथरता येईल, पण अंगाखाली रोज नाही. दोन्ही एकाच वाकळेकडून होणार नाही. आक्कांनी फार वेळ लावला नाही. "ठिवायची," म्हणाल्या. "आन् बाळाला माझ्या मऊ लुगड्याचं दुपटं शिवून द्या, ताई." तसं ठरलं. वाकळेचा मोबदला तासावर, दीडशे रुपयांनी, आणि दुपट्याचे वेगळे.

कामाला आधी मधल्या भोकापासून हात घातला. कुरतडलेल्या चिंध्या कात्रीने न कापता हाताने सोडवून घेतल्या आणि एका डबीत ठेवल्या. भोकाभोवतीची वीतभर जागा खाली टॉवेल घेऊन, सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या स्पंजने टिपून घेतली. वरून ओलं, खालून कोरड्या टॉवेलने शोषून घ्यायचं, असं चार वेळा साबणाने आणि पाच वेळा नुसत्या पाण्याने. लाल पदर तिथून तीन फूट लांब होता, तरी त्या बाजूला सतत पंखा ठेवला, म्हणजे ओल सरकत जायला नको.

भोक बुजवायला थराला थर लावला. सात थर होते तर सात तुकडे, प्रत्येक आपापल्या थराच्या आत सरकवलेला आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा अर्धा इंच मोठा. सगळे एकाच मापाचे कापले तर कडा एकावर एक येतात आणि तिथे उंचवटा तयार होतो. झोपणाऱ्याच्या पाठीला तो टोचतो आणि कापड नेमकं तिथेच झिजतं. कापड आक्कांच्याच घरचं, जुन्या धोतराचं आणि विटलेल्या चिटाच्या परकराचं. नवीन मांजरपाट तिथे चाललाच नसता. दुकानातून आणलेलं कोरं कापड धुतलं की आटतं, आणि न धुता लावलं तरी खळीमुळे पुठ्ठ्यासारखं उभं राहतं.

वरून फेरे घालताना मी आजीचीच वाट धरली: बाहेरून आत, एका सेंटिमीटरला एक ओळ. दोरा चाळीस नंबरचा सुती, मेणावरून ओढलेला. सुई सापडेल तेवढी बारीक, कारण वाकळेची नेहमीची जाड सुई या कापडात खिळ्याइतकी मोठी भोकं पाडत होती. जुना दोरा धड होता तिथून पुढे नवा जोडला. धड कापडात जुन्याच भोकांतून सुई घातली, म्हणजे नवी भोकं पडत नाहीत. जिथे जुन्या भोकांची रांग फाटायला आली होती तिथे दोन-तीन मिलिमीटर बाजूने गेले. हे दर वितेला डोळ्यांनी बघूनच ठरवावं लागतं. मान आणि अंगठा दुखतो, पण याला दुसरा रस्ता नाही.

चंद्रकळेसाठी मी वेगळा मार्ग घेतला. त्या नऊ तुकड्यांत एकही टाका नाही. आधी खाण्याचा सोडा चिमूटभर घातलेल्या पाण्याने स्पंज ओलावून आम्ल जमेल तेवढं मारलं, मग साध्या पाण्याने दोनदा टिपलं. पंख्याखाली कोरडं झाल्यावर वरून काळ्या रंगाची, अगदी बारीक छिद्रांची नायलॉनची जाळी पसरली आणि ती फक्त शेजारच्या धड तुकड्यांच्या कडेवर शिवली. बुधवार पेठेत लेस आणि जाळ्या विकणाऱ्या गल्लीत काळ्याच्या चार छटा मिळाल्या. उन्हात आणि घरातल्या दिव्याखाली दोन्हीकडे धरून बघितल्यावर त्यांतली किंचित तांबूस छटेची घेतली, कारण जुनी चंद्रकळा कधीच निव्वळ काळी राहत नाही. हातभर अंतरावरून जाळी दिसत नाही. जवळून दिसते आणि ती दिसावीच. दुरुस्ती कुठे झाली हे पुढे कुणाला तरी कळायला हवं.

लाल पदराच्या खाली मलमलीची पट्टी सरकवून चिरलेल्या रेघा तिच्यावर आडव्या, लांब टाक्यांनी बसवल्या. तिथे पाणी लावलंच नाही.

आता चूक. खाकी ठिगळ वाकळ फाडत होतं हे मी पहिल्या दिवशीच बघितलं होतं. आक्कांशी बोलताना घास, बाळ, दुपटं यांत त्याचा विषय निघाला नाही आणि मीही काढला नाही. मला ते कुणीतरी घाईत मारलेलं, बेढब ठिगळ वाटलं. दुसऱ्या आठवड्यात मी ते उसवून काढलं, खालची फाट आतून धोतराच्या पट्टीने बंद केली आणि वर जुन्या चिटाचा सुंदर जुळणारा तुकडा बसवला. काम नेटकं झालं. खाकी तुकडा चिंध्यांच्या डबीत गेला.

अर्धं काम दाखवायला मी घरच्यांना बोलावलं तेव्हा या वेळी आक्कांचे यजमानही आले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी वाकळ डावीकडून उजवीकडे एकदा बघितली आणि विचारलं, "खाकीचा तुकडा हुता हितं. कुटं गेला?" आक्का त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "यांच्या पयल्या डरेसचा हुता त्यो. आत्याबाईंनीच सांगितलं, पोराच्या नोकरीचं कापाड वाकळंत पायजे. त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, मग म्या मशीनवर मारला."

मी ज्याला बाहेरचं ठिगळ समजले ते त्या वाकळेतलं आजीच्या इच्छेने घातलेलं शेवटचं कापड होतं. कापडाबद्दल माझं म्हणणं बरोबरच होतं, टेरिकॉट सुताला फाडत होतं. पण काढायचं की ठेवायचं हे ठरवणं माझं काम नव्हतं. विचारायला एक फोन पुरला असता. मी त्यांची माफी मागितली, डबीतून तुकडा काढून दाखवला. तो धड होता एवढंच नशीब. चिंध्यासुद्धा न टाकण्याची सवय त्या दिवशी कामाला आली.

तुकडा परत बसवला, पण वेगळ्या रीतीने. चिट काढून टाकलं. आतली धोतराची पट्टी तशीच ठेवली. खाकीच्या चारही कडांना दोन बोटं रुंदीची मऊ सुती पट्टी जोडली आणि वाकळेला फक्त ती पट्टी शिवली, हाताने, सैल टाक्यांनी. ताण आला तर तो आधी पट्टी घेईल. मशीनची जुनी भोकं खाकीच्या कडेला तशीच दिसू दिली, ती आक्कांच्या हातची होती. या फेरकामाचे सात तास मी बिलात धरले नाहीत. तेव्हापासून मात्र कामाच्या कागदावर मी वाकळेचं चित्र काढते, प्रत्येक ठिगळाला नंबर देते आणि घरच्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईसमोर बसून प्रत्येक नंबराबद्दल विचारते: हे कुणाचं? हे कुणी लावलं? याला अर्धा तास लागतो.

मधलं पोट बंद करायच्या आधी आक्कांनी विचारलं, घास ठेवायचा का. मी नको म्हटलं, भाकरी-गूळ ठेवला की पुन्हा उंदीर आणि कसर. थोडा वेळ त्या गप्प होत्या. मग त्यांनी बाळाच्या दुपट्यातून उरलेल्या लुगड्याचा एक तुकडा घेतला, घासाएवढी घडी घातली आणि स्वतः आत ठेवली. शेवटचे दोन फेरे मी त्यांनाच घालायला दिले. त्यांचे टाके माझ्याहून मोठे आहेत, ते लगेच ओळखू येतात.

वाकळ देताना सोबत एक कागद दिला: कोणतं कापड कुठलं, जाळी कुठे, काय धुवायचं नाही. घडी न घालता, जुन्या धुतलेल्या चादरीत गुंडाळून, नळकांडीसारखी सैल ठेवायची. जाड प्लास्टिकच्या पिशवीत नाही, कारण आत दमटपणा कोंडला की चंद्रकळेचं आम्ल पुन्हा वाढेल. वर्षातून दोनदा सावलीत उलगडून वारा द्यायचा, उन्हात नाही.

वर्षभराने मी पिंपरीला त्यांच्या घरी जाऊन बघून आले. बाळ पलंगाला धरून उभं राहत होतं, दुपटं धुऊन धुऊन पांढुरकं झालं होतं. वाकळेत नऊपैकी आठ जाळ्या जशाच्या तशा होत्या, एकीचा कोपरा बांगडीत अडकून सुटला होता, तो तिथेच बसून शिवला. लिटमस पुन्हा लावून बघितला. दोन काळ्या तुकड्यांवर अजून लालसर होतो, तिथे सोड्याचं पाणी पुन्हा फिरवलं. खाकीच्या पट्टीचा एक टाका तुटला होता आणि आक्कांनी तो आधीच शिवून टाकला होता, लाल रंगाच्या, मशीनच्या पॉलिस्टर दोऱ्याने. मी तो उसवला नाही.